योरुबा पुराणकथांच्या आधारे फॅण्टसी लिहिताना : देवांपेक्षा विधी आधी

पश्चिम आफ्रिकेच्या पुराणांवर फॅण्टसी लिहायला घेतलेल्या लेखकाच्या टिपणवहीत बहुतेकदा सगळं एकत्र असतं: अनान्सी कोळी, शांगोची वीज, सुंजाताचं साम्राज्य, आणि सिंहाशी झुंजणारा नायक. यातलं प्रत्येक वेगळ्या लोकांचं आहे. अनान्सी हा कोळीकीटक घानातल्या अकान लोकांचा, शांगो नायजेरियाच्या नैर्ऋत्येकडच्या योरुबांचा, माली साम्राज्य उभारणारा सुंजाता मांदे लोकांचा. सिंहही सुंजाताच्या बिरुदावलीत शोभतो, योरुबांच्या दाट पावसाळी जंगलात नाही; तिथे दरारा बिबट्याचा. म्हणून पहिला नियम कडक ठेवा: एका कथेत एकच समाज. दुसऱ्या समाजातलं पात्र आणायचं असेल, तर ते परदेशी व्यापारी किंवा युद्धकैदी म्हणून येऊ द्या आणि त्याचे देव त्याच्याबरोबरच ठेवा.

इथे योरुबांचं उदाहरण घेतलं आहे. त्यांच्या तोंडी परंपरेचं लिखित संकलन मोठं आहे, आणि कथानक रचण्याची एक आयती पद्धत त्या परंपरेतच आहे. तिच्याकडे पुढे येऊ.

गाव आणि शतक ठरवा

हे ठरल्याशिवाय एकही देव कागदावर आणू नका. इले-इफे घेतलं आणि बारावे ते चौदावे शतक घेतलं, तर पितळेचे ओतीव मुखवटे आणि मस्तकं, काचेचे मणी घडवणाऱ्या भट्ट्या, खापरांचे तुकडे उभे रोवून केलेली अंगणं असं जग मिळतं. अठराव्या शतकातलं ऑयो घेतलं, तर आलाफिन म्हणजे सम्राट, त्याचं घोडदळ, कवड्यांचं चलन आणि किनाऱ्याकडे चाललेला गुलामांचा व्यापार. एकोणिसाव्या शतकातलं अबेओकुटा घेतलं, तर ऑयो कोसळल्यावर पळून आलेली माणसं, ओलुमो खडकाच्या आडोशाला वसलेलं गाव, बंदुका आणि मिशनरी. आजचं लागोसही चालतं. लोखंडाचा देव ओगुन तिथे ट्रकचालकांचा आणि मेकॅनिकांचा देव आहे.

शतकावर स्वयंपाकघर ठरतं, आणि चुका सगळ्यात जास्त तिथेच होतात. इफेच्या वैभवकाळात मका, कसावा, टोमॅटो, मिरची यांतलं काहीच नव्हतं. ही सगळी पिकं अमेरिकेतून, १५०० नंतर आली. त्या काळातल्या ताटात याम हवा (आपल्या कोनफळाच्या जातीचा कंद), चवळीचे तळलेले वडे म्हणजे आकारा, लाल पामतेल, भेंडी, ज्वारी-बाजरी. तिखटपणासाठी आतारे, वेलदोड्याच्या कुळातली एक झणझणीत बी. आपल्याकडेही मिरची पोर्तुगीजांबरोबरच आली, त्यामुळे ही चूक मराठी लेखकाला समजायला अवघड जाऊ नये.

घोड्याचंही तसंच. ऑयोचं घोडदळ उत्तरेच्या गवताळ मुलखात चाललं. दक्षिणेच्या दाट जंगलात त्से-त्से माशीमुळे घोडे जगत नसत. जंगलातून घोडा फेकत जाणारा नायक तिथल्या वाचकाला पहिल्याच पानावर हसवतो.

तीन संकल्पना, त्याही थोडक्यात

जग दोन भागांत आहे: आये म्हणजे माणसांचं जग, आणि ओरुन म्हणजे देवांचं, पितरांचं आणि न जन्मलेल्यांचं. दोन्हींमध्ये भिंत नाही, वाहतूक आहे. सगळ्यांच्या वर ओलोदुमारे; त्याची देवळं नसतात आणि रोजच्या भानगडींत तो पडत नाही, म्हणून त्याला पात्र करू नका.

आशे म्हणजे घडवून आणण्याची शक्ती. ती देवात असते तशी शब्दात, पानात, रक्तात, राजाच्या मुकुटातही असते. फॅण्टसीतल्या ‘मॅजिक’ची जागा तिला द्यावी असा मोह होतो. देता येते, पण तिचं मोजमाप करू नका. ‘त्याचं आशे संपलं’ असं लिहिलं की तो व्हिडिओ गेम होतो.

तिसरी संकल्पना ओरी, आणि कथालेखकाला ती सर्वांत मोलाची. ओरी म्हणजे आतलं डोकं. जन्माआधी माणूस ओरुनमध्ये आजाला नावाच्या कुंभाराकडे जातो आणि स्वतःचं डोकं निवडतो. आजालाची काही मडकी पक्की भाजलेली, काही कच्ची. बाहेरून फरक दिसत नाही. कच्चं डोकं घेऊन आलेल्याचं कष्टाचं फळ वाटेतच गळतं. निवड स्वतःची, पण आठवत मात्र नाही. नायकाच्या दुर्दैवाला खलनायक शोधण्याची गरज इथेच संपते.

इफा: कथानकाचं इंजिन

इथे घाई करू नका. इफा ही भविष्यकथनाची पद्धत आहे आणि तिचा पुरोहित म्हणजे बाबालावो. तिचा देव ऑरुन्मिला. युनेस्कोने २००५ साली ती मानवजातीच्या वारशांत घेतली. पण लेखकाने ती ‘भविष्य सांगणारा म्हातारा’ म्हणून वापरली तर सगळं वाया.

प्रसंग लिहायचा तर कृती अचूक हवी. बाबालावोपुढे लाकडी पाट असतो, ऑपॉन इफा, बहुधा गोल. त्याच्या काठावर एशू या देवाचा चेहरा कोरलेला, आणि पाट असा ठेवतात की तो चेहरा बाबालावोच्या समोर येतो. पाटावर इयेरोसुन नावाची लाकडाची बारीक पूड. बाबालावो तेलताडाच्या १६ पवित्र बिया, म्हणजे इकिन, एका हातात धरतो आणि दुसऱ्या हाताने एका झटक्यात उचलतो. मागे एक बी राहिली तर पुडीत बोटाने दोन रेघा. दोन राहिल्या तर एक रेघ. एकही राहिली नाही किंवा जास्त राहिल्या, तर ती फेरी धरत नाहीत. असं करत दोन रांगांत चार-चार मिळून आठ खुणा होतात, उजव्या रांगेपासून सुरुवात करून. आठ जागा, प्रत्येकी दोन शक्यता, म्हणून एकूण २५६ आकृत्या. प्रत्येक आकृतीला ओदू म्हणतात. त्यांतल्या १६ मुख्य. पहिली एजिओग्बे, सगळ्या एकेरी रेघांची, आणि दुसरी ओयेकू, सगळ्या दुहेरी रेघांची. घाईचं काम असेल तर ऑपेले वापरतात, आठ बियांच्या सालींची साखळी. एका फेकीत पूर्ण आकृती येते. तुमच्या प्रसंगात वेळ असेल तर इकिन, दार ठोठावलं जात असेल तर ऑपेले.

आता दोन बारकावे, जे बहुतेक कथांत चुकतात. एक, विचारायला आलेला माणूस आपला प्रश्न बाबालावोला सांगतोच असं नाही. तो नाण्याच्या किंवा कवडीच्या कानात पुटपुटतो. दोन, बाबालावो त्या ओदूतले श्लोक म्हणत जातो, आणि आपली गोष्ट कुठल्या श्लोकात आहे हे ऐकणारा स्वतः ओळखतो. म्हणजे उत्तर निवडण्यात नायक सामील असतो. तो चुकीचा श्लोक निवडू शकतो, बरोबर श्लोक ऐकून गप्प बसू शकतो. अशी संधी आयती मिळत असताना ‘भाकीत खरं ठरतं’ एवढंच लिहिणं म्हणजे आळस.

आणि आता ती आयती पद्धत. इफाचा श्लोक स्वतःच एक छोटी कथा असतो, तिचे टप्पे ठरलेले. आधी पूर्वीच्या बाबालावोचं नाव, जे बहुतेकदा नाव कमी आणि कोडं जास्त असतं. मग त्याने कोणासाठी पाहिलं, त्या माणसाची अडचण काय होती, त्याला कुठलं दान सांगितलं, त्याने ते दिलं की नाही, मग काय झालं. शेवटी आनंद किंवा पश्चात्ताप, बहुधा गाण्यासकट. या क्रमाने तुमच्या कथेचा सांगाडा एका पानावर लिहून काढा. कोडं-नाव स्वतः रचा, खऱ्या श्लोकातलं उचलू नका. उदाहरणार्थ ‘आटलेल्या-नदीतला-दगड-पाण्याची-वाट-मोडत-नाही’ असं काहीतरी. ते नाव शेवटी वेगळ्या अर्थाने कळलं पाहिजे. कळत नसेल तर बदला.

सगळा भार ‘दान दिलं की नाही’ या टप्प्यावर असतो. त्या दानाला एबॉ म्हणतात. कथेतलं संकट एबॉ न दिल्यामुळे, किंवा अर्धवट दिल्यामुळे वाढतं. अर्धवट दान कथेला जास्त उपयोगी. सरळ नकार देणारा नायक उद्धट वाटतो; तीनातल्या दोन वस्तू देऊन तिसरी मागे ठेवणारा ओळखीचा वाटतो.

एशू आणि बाकीचे

प्रत्येक एबॉतला वाटा एशूला जातो, तोच तो ओरुनपर्यंत पोचवतो. चौरस्ते, दारं, बाजार ही त्याची ठिकाणं. शेजारी शेतं असलेल्या दोन मित्रांमधून तो दोन रंगांची टोपी घालून चालत गेला आणि टोपी कुठल्या रंगाची यावरून दोघांत भांडण लावलं, ही त्याची प्रसिद्ध कथा. बिशप सॅम्युएल आजायी क्राउथर यांच्या काळात झालेल्या बायबलच्या योरुबा भाषांतरात सैतानासाठी एशूचं नाव वापरलं गेलं, आणि तेव्हापासून त्याला खलनायक करण्याची खोड लागली. तुम्ही ती चालवू नका. एशू वाईट नाही. हिशेब अपुरा असेल तर तो वाट अडवतो, इतकंच.

शांगो हा ऑयोचा राजा होता आणि मग वीज झाला. त्याने गळफास घेतला असं शत्रू म्हणाले; अनुयायी म्हणाले ‘ओबा को सो’, राजाने फास घेतला नाही. या एका वाक्याच्या दोन बाजूंवर अख्खी कथा उभी राहते, वीज न पाडता. ऑबाताला माणसांचे देह घडवतो. ताडी पिऊन घडवताना काही देह वाकडे झाले, म्हणून अपंग माणसं त्याच्या खास आश्रयाखाली असतात आणि त्याचे भक्त ताडी पीत नाहीत. पुराणातली चूक अशी भक्ताच्या अंगावर नियम म्हणून राहते.

या नियमांना एवॉ म्हणतात, म्हणजे निषिद्ध. फॅण्टसीत शक्तीला किंमत असावी असा सल्ला सगळीकडे मिळतो. इथे किंमत आधीच ठरलेली आहे, ती फक्त नीट वापरायची. एशूला लाल पामतेल चालतं, ताडाच्या आठळीचं काळपट तेल अजिबात नाही. शांगोला मेंढा आणि ओरोग्बो फळ. त्याचीच राणी ओया, तिला मेंढा वर्ज्य. एकाच घरात दोघांचे भक्त राहत असतील तर सणाच्या दिवशी काय होईल? असे प्रश्न वहीत लिहून ठेवा. त्यातून निघणारे प्रसंग कुठल्याही युद्धापेक्षा चांगले असतात.

मोठे देव पात्र म्हणून समोर आणण्याचं प्रमाण कमी ठेवा. पाच हजार शब्दांत एकदा, तेही थोडा वेळ. देवांची संख्या परंपरा ४०१ सांगते, म्हणजे चारशे अधिक एक, आणि तो एक कायम उघडा राहतो. शिवाय गावागावांत स्वतःची नदी, टेकडी, झाड यांचे देव आहेत. कल्पनेने रचायचा देव या जागेत रचा: तुमच्या काल्पनिक गावच्या ओढ्याचा देव. त्याला एक रंग, एक वर्ज्य पदार्थ, एक ढोलाचा ताल आणि एक तक्रार द्या. ऑशुन देवीला नवा नवरा किंवा ओगुनला नवा मुलगा देऊ नका.

माहिती शोधताना एक सापळा: क्युबा आणि ब्राझीलमध्ये गेलेली परंपरा. तिथे येमोजा समुद्राची देवी आहे. योरुबा प्रदेशात ती ओगुन नदीची, आणि समुद्र ओलोकुनचा. दोन्ही परंपरा खऱ्या आहेत, पण तुमची कथा १७५० सालच्या ऑयोत घडत असेल तर हवानातली वेशभूषा तिथे चालणार नाही. आणि हो, ओगुन नदी आणि ओगुन देव ही नावं एक नाहीत. सूर वेगळे आहेत.

सूर, नावं, आकडे

योरुबा भाषेत उंच, मध्यम, खाली असे तीन सूर आहेत. बोलणारा ढोल, दुंदुन, हेच सूर वाजवतो. अक्षरं नाहीत, फक्त चढउतार. त्यामुळे एकाच चढउतारावर अनेक वाक्यं बसतात, आणि गैरसमज टाळण्यासाठी वादक ठरावीक लांबलचक वाक्प्रयोग वापरतात. ढोलाचा निरोप चुकीचा ऐकला जाणं हा कथानकाचा उत्तम खिळा आहे, पण ऐकणाऱ्याकडे चुकीचा अर्थ लावायला कारण हवं: भीती, लोभ, जुनं भांडण.

नावांवरून घराणं कळतं. ढोलवाल्यांच्या घरी आयान-, शिकाऱ्यांच्या घरी ओदे-, इफाच्या घरी इफा- किंवा आवो-. आयानवाले, ओदेवाले, इफावाले अशी नावं (यातलं ‘वाले’ योरुबाच, मराठी प्रत्यय नव्हे) घ्या आणि ती त्या-त्या घरातच ठेवा. जुळी झाली तर पहिलं ताइवो, दुसरं केहिंदे. आणि मोठं केहिंदे मानलं जातं, कारण जग कसं आहे ते बघायला त्याने ताइवोला पुढे पाठवलं. पुन्हा पुन्हा जन्मून मरणारं मूल म्हणजे आबिकू. त्याला थांबवण्यासाठी कोकुमो, मालोमो अशी नावं ठेवतात: आता मरणार नाही, पुन्हा जाऊ नकोस. मुलं जगत नसलेल्या मराठी घरात धोंडू, दगडू अशी नावं ठेवली जायची. वाचक ती जाणीव घेऊनच येतो, म्हणून आबिकू समजावत बसू नका.

देवनागरीत लिहिताना आपलं काम सोपं आहे. योरुबातला उघडा ‘ओ’ आपल्या ‘ऑ’ने भागतो: ऑशुन, ऑयो, ऑबाताला. खाली टिंब असलेला ‘स’ म्हणजे ‘श’. ‘ग्ब’ एकाच दमात उच्चारायचा असतो, म्हणून ओशोग्बो या गावाच्या नावात जोडाक्षर ठेवा. एकदा ठरवलेलं लेखन शेवटपर्यंत बदलू नका; त्यासाठी सुरुवातीलाच नावांचा तक्ता करून जवळ ठेवा.

पैसे कवड्यांत मोजा: ४० कवड्यांची एक माळ, ५० माळांचं म्हणजे २,००० कवड्यांचं एक ‘डोकं’, १० डोक्यांचं एक पोतं. पोत्याचं वजन वीस किलोंच्या वर जातं. चोराला ते कंबरेला खोचून पळता येणार नाही. या कवड्या मुळात मालदीवच्या, हिंदी महासागरातून फिरत गेलेल्या. आठवडा चार दिवसांचा: ऑबातालाचा, इफाचा, ओगुनचा आणि शांगोचा. ‘रविवारी भेटू’ असं कोणी म्हणणार नाही.

नमुना आराखडा: ५,००० शब्द, एका दिवाळी अंकाच्या कथेएवढा

ऑयोजवळच्या गावातला तरुण वादक आयानवाले. वडील वारल्यावर त्यांचा ढोल राजवाड्यात चुकीचे शब्द बोलू लागतो. पहिले ६०० शब्द यावर. पुढचे ९०० इफाच्या बैठकीवर. इथे घाई केली तर कथा कोसळते. मग ७०० शब्द एबॉवर: एक कबूतर, २,००० कवड्या आणि वडिलांचं शेवटचं वस्त्र. तो पहिल्या दोन वस्तू देतो. वस्त्र ठेवून घेतो.

यानंतर १,८०० शब्दांत तीन अडथळे, तिन्ही त्याच वस्त्रातून निघालेले. तिसऱ्यासाठी एगुंगुन वापरा. एगुंगुन म्हणजे पितर, नखशिखांत कापडाच्या थरांखाली झाकलेले, घोगऱ्या आवाजात बोलणारे, ज्यांना कोणी शिवायचं नाही. त्या पोशाखाला घराणं वर्षानुवर्षं नवं कापड जोडत जातं. आयानवालेसमोर येणाऱ्या एगुंगुनच्या अंगावर एका ठिकाणी कापड नाही. तेवढंच लिहा, आत काय दिसतं ते लिहू नका. वडील आत आहेत की नाहीत, हेही सांगू नका.

७०० शब्दांत चौरस्त्यावर एबॉ पुरं होतं, पण उशिरामुळे किंमत वाढलेली आहे: वस्त्र तर जातंच, शिवाय त्याला आणखी काहीतरी सोडावं लागतं. ते काय, हे पहिल्या ६०० शब्दांत पेरलेलं हवं. शेवटचे ३०० शब्द अनेक वर्षांनंतरचे: दुसरा बाबालावो दुसऱ्याच कोणाला हीच गोष्ट श्लोक म्हणून सांगतो, आणि आयानवालेचं नाव त्यात बदललेलं आहे.

पहिल्या खर्ड्यात बहुतेकदा दोन गोष्टी बिघडतात. एबॉ आणि संकट यांचा संबंध सैल राहतो; प्रत्येक अडथळ्यापुढे ‘हे कुठल्या न दिलेल्या वस्तूमुळे?’ असं समासात लिहा, उत्तर नसेल तर तो अडथळा काढा. दुसरं, समजावणं वाढतं. नव्या शब्दामागून लगेच अर्थ देऊ नका; कृती दाखवा. पाट, पूड, रेघा दिसल्या की इफा म्हणजे काय हे वाचकाला कळतं. पानाला दोनपेक्षा जास्त नवे योरुबा शब्द आले तर एक पुढच्या पानावर ढकला.

वाचनाची पूर्वतयारी करताना मूळ श्लोकांची संकलनं आधी घ्या. विल्यम बास्कम आणि वांदे आबिम्बोला यांचं काम यासाठी पायाभूत आहे. इंटरनेटवरच्या चमकदार दाव्यांना एक तरी उलटा पुरावा मिळतो का ते पाहा. मालीतल्या दोगोन लोकांना सीरियस म्हणजे व्याध ताऱ्याच्या न दिसणाऱ्या जोडीदाराची माहिती प्राचीन काळापासून होती, हा दावा फॅण्टसीवाल्यांचा लाडका. पण १९९१ साली मानववंशशास्त्रज्ञ वॉल्टर व्हान बीक यांनी तिथल्या प्रदीर्घ क्षेत्रकामानंतर लिहिलं की दोगोन लोकांकडून त्यांना तसं काही ऐकायला मिळालं नाही. दंतकथा म्हणून वापरा, इतिहास म्हणून नको.

शेवटी, ही मृत पुराणं नाहीत. ओशोग्बोचं ऑशुन देवीचं उपवन २००५ पासून जागतिक वारसास्थळ आहे आणि दर ऑगस्टमध्ये तिथे यात्रा भरते; २० ऑगस्ट हा इशेशे दिवस, परंपरागत धर्माचा, नायजेरियातल्या काही राज्यांत सुट्टीचा. म्हणून दीक्षाविधीतली गुप्त कृती, खरे मंत्र आणि खऱ्या पुजाऱ्यांची नावं कथेबाहेर ठेवा. त्यांच्या जागी तुमच्या काल्पनिक ओढ्याच्या देवाचा विधी घाला आणि त्याची प्रत्येक पायरी स्वतः ठरवा. छापायला देण्याआधी योरुबा बोलणाऱ्या वाचकाकडून नावं आणि वर्ज्य पदार्थ तपासून घ्या, आणि त्या कामाचे पैसे द्या.